मेरिदा : वापरात राहिलेले शहर

१/
स्पेनच्या प्रवासाचा बेत आखताना बार्सिलोना, माद्रिद, ग्रनाडा ही नावे आपोआप यादीत येतात. मात्र सेव्हिलहून गाडी काढून 'ए-६६' या महामार्गाने उत्तरेकडे निघाले, की साधारण दोन तासांनी एक पाटी दिसते : मेरिदा. साठेक हजार वस्तीचे गाव. घाईत असलेला प्रवासी इंधन भरून पुढे निघून जाईल. आज आपण इथे थांबणार आहोत. दोन हजार वर्षे लोक जुने दगड पुन्हा पुन्हा वापरत आले, तर इतिहासाचे काय होते, हे पाहण्यासाठी युरोपात याहून चांगली जागा क्वचितच सापडेल.

२/
सुरुवात नावापासून करू. नकाशावर 'मेरिदा' शोधले तर आधी मेक्सिकोतले मोठे शहर दिसते, मग व्हेनेझुएलातले. या दोघांच्याही आधीचे मूळ मेरिदा हे. त्याचे रोमन नाव 'ऑगस्टा एमेरिटा'. निवृत्त प्राध्यापकांच्या नावापुढे आपण 'एमेरिटस' ही पदवी वाचतो, ती याच लॅटिन शब्दातून आलेली आहे. रोमन सैन्यात ठरलेली सेवा पूर्ण करून सन्मानाने निवृत्त झालेल्या शिपायाला 'एमेरिटस' म्हणत. म्हणजे मेरिदा हे शब्दशः निवृत्त सैनिकांचे गाव होय.

३/
इ.स.पू. २५ मध्ये सम्राट ऑगस्टसच्या आज्ञेने त्याचा प्रतिनिधी पुब्लियस कारिसियस याने हे गाव वसवले. स्पेनच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखात कांताब्रियन टोळ्यांशी रोमनांचे युद्ध चालू होते. त्या युद्धातून मोकळे झालेले पाचव्या आणि दहाव्या लीजनचे सैनिक इथे आणून वसवण्यात आले. कारिसियसने पाडलेल्या नाण्यांवर शहराचे प्रवेशद्वार आणि 'एमेरिटा' ही अक्षरे दिसतात. सैनिकांना जमीन मिळाली आणि साम्राज्याला नव्याने जिंकलेल्या प्रदेशात भरवशाची माणसे मिळाली. पुढे हे शहर लुसितानिया प्रांताची राजधानी झाले. आजचा बराचसा पोर्तुगाल त्या प्रांतात येत असे.

४/
पण शहरासाठी नेमकी हीच जागा का? याचे उत्तर ग्वादियाना नदीच्या पात्रात आहे. इथे पात्र रुंद होते आणि मधोमध बेट आहे, त्यामुळे नदी ओलांडणे तुलनेने सोपे जाते. दक्षिणोत्तर जाणारा मोठा मार्ग आणि आजच्या लिस्बनकडे जाणारा मार्ग हे इथे एकत्र येत. ज्याच्या हाती हा उतार, त्याच्या हाती पश्चिम स्पेनची ये-जा. मेरिदाचा पुढचा सगळा इतिहास या एका वाक्यात सामावलेला आहे. म्हणून गाडी लावल्यावर पहिले पाऊल पुलाकडे टाकावे.

५/
ग्वादियानावरचा रोमन पूल जवळपास ७९० मीटर लांब असून त्याला आज ६० कमानी आहेत. खांबांकडे जरा निरखून पाहावे. मोठ्या कमानींच्या मधल्या भागात लहान कमानीदार खिडक्या ठेवलेल्या आहेत. त्या शोभेसाठी नाहीत. पूर चढला की पाण्याला त्यातून वाट मिळते आणि खांबांवरचा दाब कमी होतो. प्रवाहाच्या बाजूला खांबांना गोलाकार नाक काढले आहे, तेही पाणी फोडण्यासाठीच.

६/
मग तो दोन हजार वर्षे टिकला तो रोमनांच्या कौशल्यामुळे का? अंशतः. ४८३ सालचा एक लेख सांगतो, की तोवर पूल मोडकळीस आला होता. व्हिसिगॉथ राजा युरिक याच्या काळात साल्ला नावाचा सरदार आणि झेनो हा बिशप यांनी मिळून त्याची दुरुस्ती करवली. मूळ शिला हरवली आहे, मजकूर मात्र हस्तलिखितातल्या नकलेमुळे वाचला. रोमन साम्राज्य पश्चिमेत कोसळून जेमतेम सात वर्षे झाली होती. सत्ता जर्मनिक टोळीची, धर्म ख्रिस्ती, पूल मात्र तोच. कारण नदी ओलांडण्याची गरज कोणत्याही राजवटीत संपत नाही.

७/
१६०३च्या महापुराने पुलाचा मधला भाग वाहून नेला आणि तिथे नव्या कमानी बांधाव्या लागल्या. नेपोलियनच्या सैन्याशी झालेल्या युद्धात, १८१२ मध्ये, पुन्हा काही भाग उडवला गेला आणि पुन्हा बांधला गेला. १९९१ मध्ये सांतियागो कालात्रावा या वास्तुविशारदाने रचलेला नवा लुसितानिया पूल खुला होईपर्यंत मोटारी याच रोमन पुलावरून जात असत. आज तो फक्त पादचाऱ्यांचा आहे. आपण ज्याला 'रोमन पूल' म्हणतो, तो अशा प्रकारे रोमन, व्हिसिगॉथ, सतराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतील गवंड्यांचा एकत्रित पूल आहे.

८/
रस्त्याच्या नावातही असाच एक थर दडलेला आहे. या मार्गाला स्पॅनिशमध्ये 'व्हिया दे ला प्लाता' म्हणतात. 'प्लाता' म्हणजे चांदी, म्हणून हा रोमनांचा चांदीचा मार्ग असावा, असा समज पसरला. अनेक अभ्यासक मात्र या नावाचे मूळ अरबी 'बलात' या शब्दात शोधतात, ज्याचा अर्थ फरसबंद वाट. अरबी कान गेला, स्पॅनिश कान आला आणि फरसबंदीची चांदी झाली! आजचा 'ए-६६' महामार्ग बऱ्याच अंशी याच प्राचीन मार्गाला धरून जातो. सेव्हिलहून सांतियागो दे कोंपोस्तेलाकडे पायी निघालेले यात्रेकरूही याच वाटेने मेरिदात येतात.

९/
आता शहराच्या पाण्याकडे वळू. मेरिदाच्या उत्तरेला काही किलोमीटरवर प्रोसेर्पिना नावाचा जलाशय आहे. त्याची दगडी भिंत चारशे मीटरहून लांब आहे. तिथून निघालेले पाणी शहरात आणण्यासाठी एक दरी ओलांडावी लागे. त्यासाठी उभारलेल्या जलसेतूला लोक 'लोस मिलाग्रोस', म्हणजे 'चमत्कार', म्हणतात. त्याचे सुमारे २५ मीटर उंचीचे खांब आजही उभे आहेत. करड्या ग्रॅनाइटच्या थरांमध्ये तांबड्या विटांचे पट्टे आहेत. कोर्दोबाच्या प्रसिद्ध मशिदीतील दुमजली, लाल-पांढऱ्या कमानींची कल्पना अशाच जलसेतूवरून सुचली असावी, असे अनेक अभ्यासकांना वाटते.

१०/
जलाशयाला 'प्रोसेर्पिना' हे नाव कसे पडले, याची कथा फार माणुसकीची आहे. तिथे एक रोमनकालीन शिलालेख सापडला. त्यात कोणी एक व्यक्ती पाताळाची देवी प्रोसेर्पिना हिला गाऱ्हाणे घालते. त्याच देवीला स्थानिक लोक आतेसिना म्हणत आणि लेखात दोन्ही नावे जोडून आली आहेत. तक्रार काय, तर कपडे चोरीला गेले! सहा अंगरखे, तागाची दोन पांघरुणे, अशी मोजदाद करून चोराचा सूड घेण्याची विनवणी केलेली आहे. सम्राटांच्या शिलालेखांपेक्षा हा लेख आपल्याला त्या शहराच्या अधिक जवळ नेतो. विजेत्यांची देवी आणि जितांची देवी एकाच वाक्यात आल्या, त्याही धुण्यावरून.

११/
पूल टिकला, जलसेतू तुटला. या फरकाचे कारण महत्त्वाचे आहे. पुलाला प्रत्येक पिढीने दुरुस्त केले, कारण प्रत्येक पिढीला नदीपार जायचे होते. जलसेतू चालू ठेवायला मात्र नियमित सफाई, कुशल माणसे, त्यांना पगार देणारी नगरसभा आणि स्नानगृहांना अखंड पाणी लागणारे नागरी जीवन हवे होते. ती व्यवस्था विरत गेली आणि मागे उरले नुसते खांब. आज त्यांच्या माथ्यावर करकोचे घरटी करतात. दगड तितकाच भक्कम होता. नाहीशी झाली ती त्याला सांभाळणारी माणसांची घडी.

१२/
शहराच्या पूर्वेकडे नाट्यगृह आणि रंगणभूमी शेजारी शेजारी आहेत. नाट्यगृह ऑगस्टसचा जावई आग्रिप्पा याच्या आश्रयाने इ.स.पू. १६-१५ च्या सुमारास उभे राहिले. त्यात साधारण सहा हजार प्रेक्षक बसत. ग्लॅडिएटरांच्या झुंजींची रंगणभूमी इ.स.पू. ८ मधली असून तिची क्षमता पंधरा हजारांच्या घरात होती. हा आकड्यांतला फरक लोकांची आवड कशात होती, हे सांगतो. पुढे ख्रिस्ती धर्म प्रबळ झाल्यावर हे खेळ अधर्म्य ठरले, इमारती ओस पडल्या आणि हळूहळू मातीखाली गेल्या. त्यांची कहाणी आपण पुन्हा विसाव्या शतकात उचलणार आहोत.

१३/
ख्रिस्ती मेरिदाची ओळख म्हणजे एउलालिया. चौथ्या शतकाच्या आरंभी रोमन छळात बळी गेलेली ही किशोरी, अशी परंपरा सांगते. तिच्या समाधीमुळे दूरदूरचे यात्रेकरू इथे येऊ लागले. सहाव्या शतकात मासोना नावाच्या बिशपने प्रवासी आणि आजारी लोकांसाठी एक आश्रयगृह काढले. तेथील वैद्यांनी शहरभर फिरून जो आजारी दिसेल त्याला आणावे, मग तो गुलाम असो वा स्वतंत्र, ख्रिस्ती असो वा ज्यू, असा दंडक असल्याचे सातव्या शतकातील एका चरित्रग्रंथात नोंदलेले आहे. रस्त्यावरच्या गावाने वाटसरूंची जबाबदारी घेतल्याचे हे फार जुने उदाहरण आहे.

१४/
७११ मध्ये मुस्लिम सैन्य आफ्रिकेतून स्पेनमध्ये उतरले. अनेक शहरे झटपट हाती आली, मेरिदाने मात्र सेनापती मुसा इब्न नुसैर याला महिनोन्महिने वेढा घालायला लावले. अखेर ७१३ मध्ये शहर तहाने शरण गेले. रोमन तटबंदी तोवर किती भक्कम होती, याचा हा पुरावा आहे. याच भक्कमपणामुळे पुढे मेरिदा कोर्दोबाच्या अमिरांची डोकेदुखी ठरले. नवव्या शतकात इथले स्थानिक ख्रिस्ती, धर्मांतरित मुस्लिम आणि बर्बर वारंवार बंड करून उठत. ८२६ च्या सुमारास फ्रँक सम्राट लुई याने तर बंडाला उत्तेजन देणारे पत्रच मेरिदावासीयांना धाडले होते.

१५/
८२८ मध्ये बंडखोरांनी अमिराच्या सुभेदाराला ठार केले. बंड मोडल्यावर अमीर अब्द-अर-रहमान दुसरा याने ८३५ मध्ये पुलाच्या तोंडाशीच एक किल्ला बांधला. हाच आजचा 'अल्काझाबा'. प्रत्येक बाजू सुमारे १३० मीटरची. स्पेनमधील मुस्लिम किल्ल्यांत निश्चित काळ ठाऊक असलेला हा सर्वांत जुना मानला जातो. किल्ला कोणाविरुद्ध होता? परकीय शत्रूविरुद्ध असण्यापेक्षा शहराविरुद्धच अधिक. पूल ताब्यात ठेवायचा आणि बंड झाले तर फौजेला आसरा द्यायचा, हे त्याचे काम. भिंतीत रोमन शहराचे घडीव ग्रॅनाइट चिरे सर्रास बसवलेले दिसतात.

१६/
किल्ल्याच्या आत गेल्यावर एक जागा चुकवू नये : तेथील पाण्याचे टाके. दोन समांतर उतरत्या वाटांनी अंधारात खाली जावे लागते. तळाशी ग्वादियानाचे झिरपून आलेले स्वच्छ पाणी असते. वेढ्याच्या काळात फौजेला पाणी मिळावे, ही योजना. आणि या वाटांच्या दारांना कोणते खांब लावले आहेत? व्हिसिगॉथ काळातले, द्राक्षवेली कोरलेले संगमरवरी खांब. रोमन नदीकाठ, ख्रिस्ती नक्षी, मुस्लिम रचना, आणि तहान सर्वांची सारखी.

१७/
तरीही मेरिदा शमले नाही. ८६८ मध्ये अमीर मुहम्मद याने शहराची तटबंदी पाडून टाकली आणि फक्त किल्ला शाबूत ठेवला. बंडाचा नेता इब्न मरवान पुढे पश्चिमेला निघून गेला आणि ८७५ मध्ये त्याने बदाहोस हे नवे शहर वसवले. लोक आणि व्यापार त्याच्यामागे गेले. राजधानीचे गाव होण्याची सुरुवात इथून झाली.

१८/
दुसरा घाव कागदावर बसला. मेरिदा हे प्राचीन आर्चबिशपचे पीठ. शहर मुस्लिम सत्तेखाली असल्याने ११२० मध्ये पोप कॅलिक्स्टस दुसरा याने ते पीठ सांतियागो दे कोंपोस्तेलाला दिले. १२३० मध्ये लिओनचा राजा आल्फोन्सो नववा याने मेरिदा जिंकले, पण पीठ परत आले नाही. सांतियागोला हाती आलेला मान सोडायचा नव्हता. शहर एका लष्करी धर्मसंघाच्या ताब्यात गेले. आर्चबिशपच्या पीठात मेरिदाचे नाव पुन्हा झळकले ते थेट १९९४ मध्ये, तेही बदाहोसशी जोडून. जवळपास पावणेनऊशे वर्षांनी! लढाईत गमावलेले परत मिळू शकते, दप्तरात गमावलेले परत मिळणे कठीण.

१९/
लहान झालेल्या गावाने मग आपल्या मोठ्या भूतकाळात संसार थाटला. शहराच्या मध्यभागी उंच रोमन स्तंभांचे मंदिर आहे. एका स्थानिक इतिहासकाराने सतराव्या शतकात त्याला 'डायनाचे मंदिर' म्हटले आणि नाव चिकटले. प्रत्यक्षात ते सम्राटपूजेचे मंदिर होते. ते इतके शाबूत कसे राहिले? एका उमराव घराण्याने स्तंभांच्या आतच आपला वाडा बांधला म्हणून. त्या वाड्याचा काही भाग अजून स्तंभांमागे उभा आहे. पुरातत्त्वाच्या शुद्धतेसाठी तो समूळ पाडला असता, तर मंदिर वाचवणारा पुरावाच आपण नष्ट केला असता.

२०/
एउलालियाच्या चर्चपुढे एक छोटी देवळी आहे. तिला लोक 'ओर्निटो', म्हणजे 'छोटी भट्टी', म्हणतात, कारण या संताला भट्टीत जाळल्याची आख्यायिका आहे. १६१२ मध्ये उभारलेल्या या देवळीचा दर्शनी भाग मार्स या रोमन युद्धदेवतेच्या मंदिराच्या संगमरवराचा आहे. वेत्तिला नावाच्या स्त्रीने मार्सला अर्पण केल्याचा मूळ लेख तसाच ठेवला आहे. तो कोणी खरवडला नाही. फक्त, आता हे मार्ससाठी नसून येशू आणि एउलालियासाठी आहे, अशा आशयाचा नवा लेख सोबत जोडला. आधीचा मालक कोण होता हे नव्या मालकानेच लिहून ठेवले.

२१/
मित्रहो, इथे क्षणभर थांबू. जुन्या वास्तूचा दगड नव्या वास्तूत दिसला, की आपल्याकडच्या चर्चांमध्ये त्याचा एकच अर्थ गृहीत धरला जातो. मेरिदात मात्र किमान चार अर्थ समोर येतात. टाक्यावरचे खांब बहुधा सोय म्हणून आले : घडीव संगमरवर हाताशी होता. किल्ल्याच्या भिंतीत सोयीबरोबर सत्तेची जरबही आहे. ओर्निटोत विजयाची घोषणा आहे, पण जुन्या लेखाबद्दलचा आदरही आहे. उमरावाच्या वाड्यात निव्वळ घरबांधणी आहे. दगड तोच, हेतू निरनिराळा. हेतू ठरवायचा तर काळ, लेख आणि बांधकामाची पद्धत हे तिन्ही तपासावे लागतात. दगडाकडे पाहून आलेला राग किंवा अभिमान हा पुरावा होत नाही.

२२/
याच कहाणीचा एक कठोर अध्याय समुद्रापार आहे. मेरिदा ज्या एक्स्त्रेमादुरा प्रदेशात आहे, तिथूनच अमेरिका जिंकणारे अनेक सरदार गेले. एर्नान कोर्तेस जवळच्याच मेदेयिनचा, फ्रान्सिस्को पिझारो त्रुहियोचा. १५४२ मध्ये युकातानमध्ये फ्रान्सिस्को दे मोंतेहो याने माया लोकांच्या तिहो या नगरीच्या जागी वसाहत वसवली. तिथल्या भव्य दगडी वास्तू पाहून स्पॅनिशांना मेरिदाचे रोमन अवशेष आठवले, म्हणून तिला मेरिदा हे नाव दिले. आणि मग त्याच वास्तू पाडून त्यांच्या दगडांनी चर्च आणि घरे बांधली. सौंदर्य ओळखता आले म्हणून ते जपले जातेच असे नाही.

२३/
आता मातीखाली गेलेल्या नाट्यगृहाकडे परत येऊ. शतकानुशतके जमिनीवर फक्त प्रेक्षागाराच्या वरच्या भागाचे सात तुकडे दिसत. लोक त्यांना 'सात खुर्च्या' म्हणत. सात मूर राजे तिथे बसून शहराचे भवितव्य ठरवत, अशी दंतकथा होती. १९१० मध्ये होसे रामोन मेलिदा आणि माक्सिमिलियानो मासियास यांनी उत्खनन सुरू केले आणि खुर्च्यांखालून अख्खे नाट्यगृह बाहेर आले. एक सावधगिरीची सूचना : आज छायाचित्रांत दिसणारी रंगमंचामागची दुमजली स्तंभरांग विसाव्या शतकात सापडलेल्या अवशेषांतून पुन्हा उभारलेली आहे. खरे दगड, नवी उभारणी.

२४/
जून १९३३. स्पेनमध्ये नवे प्रजासत्ताक येऊन दोन वर्षे झाली होती. या नाट्यगृहात सेनेकाचे 'मेदेआ' हे नाटक सादर झाले. मुख्य भूमिकेत मार्गारिता शिर्गू, लॅटिनवरून स्पॅनिश अनुवाद मिगेल दे उनामुनो या विख्यात लेखकाचा. सेनेका हा कोर्दोबात जन्मलेला रोमन. म्हणजे स्पेनचाच सुपुत्र दोन सहस्रकांनी आपल्या मातीतल्या रंगमंचावर परतला. शिक्षण आणि कला सामान्य जनतेपर्यंत न्यावी, हे प्रजासत्ताकाचे धोरण होते. दीड हजार वर्षे मुक्या राहिलेल्या पायऱ्यांवर पुन्हा माणसे बसली.

२५/
आणि तीन वर्षांनी, ऑगस्ट १९३६ मध्ये, याच रस्त्याने वेगळेच प्रवासी आले. प्रजासत्ताकाविरुद्ध उठलेल्या सेनापतींची फौज याग्वे याच्या नेतृत्वाखाली सेव्हिलहून उत्तरेकडे निघाली. आज आपण दोन तासांत कापतो ते अंतर त्यांनी गावे जिंकत, हत्या करत आठवड्याभरात कापले. ग्वादियानाकाठी लढाई झाली, पूल हातचा गेला आणि ११ ऑगस्टला मेरिदा पडले. त्यामुळे बंडखोरांचे दक्षिणेचे आणि उत्तरेचे प्रदेश जोडले गेले. ऑगस्टसने ज्या कारणासाठी ही जागा निवडली, नेमक्या त्याच कारणासाठी ती घेतली गेली. तीन दिवसांनी बदाहोस पडले आणि तिथे बैलझुंजीच्या मैदानात व शहरभर शरणागतांची कत्तल झाली. आकड्यांवर वाद आहेत, पण बळी हजारांच्या घरात होते, हे बहुतेक इतिहासकार मानतात.

२६/
नाटकाच्या त्या माणसांचे काय झाले? शिर्गू तेव्हा लॅटिन अमेरिकेच्या दौऱ्यावर होती. ती परत येऊ शकली नाही आणि १९६९ मध्ये उरुग्वेची राजधानी मोंतेविदेओ येथे वारली. उनामुनो सालामान्काला होता. नकाशा उघडा, सालामान्काही याच 'चांदीच्या वाटे'वर आहे, मेरिदाच्या उत्तरेला. आरंभी त्याने बंडाला पाठिंबा दिला होता. पुढे उघडपणे विरोध केल्यावर ऑक्टोबर १९३६ मध्ये त्याला विद्यापीठाच्या कुलगुरुपदावरून दूर करण्यात आले आणि ३१ डिसेंबरला, घरात जवळजवळ नजरकैदेत असताना, त्याचे निधन झाले. नाट्यमहोत्सव १९५०च्या दशकात पुन्हा सुरू झाला आणि दर उन्हाळ्यात तो आजही भरतो. दगडांना नवे प्रयोग मिळाले. मारल्या गेलेल्यांच्या नावांना मात्र कितीतरी दशके उच्चारही मिळाला नाही.

२७/
१९८३ मध्ये मेरिदा एक्स्त्रेमादुरा या स्वायत्त प्रांताची राजधानी झाले. १९८६ मध्ये राफाएल मोनेओ याने रचलेले रोमन कलेचे राष्ट्रीय संग्रहालय उघडले. विटांच्या उंच कमानींची ही इमारत नवीच, पण तिच्या तळघरात रोमन रस्ता, घरे आणि थडगी जागच्या जागी राखली आहेत. १९९३ मध्ये शहराचे अवशेष युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. नदीकाठच्या मोरेरिया भागात तर सरकारी कचेऱ्यांची नवी इमारत खांबांवर उचलून बांधली आणि खाली सापडलेली प्राचीन वस्ती तशीच ठेवली. आता दगड उपसून न वापरता त्यांच्यासह राहण्याची पद्धत हे शहर शिकते आहे.

२८/
कधी या वाटेने जाणे झाले, तर एक दिवस पुरेल. सकाळी नाट्यगृह आणि संग्रहालय, दुपारी डायनाचे न-मंदिर आणि त्यातला वाडा, मग किल्ल्यातले टाके, उतरत्या उन्हात जलसेतूवरचे करकोचे. आणि प्रत्येक ठिकाणी 'हे कोणी बांधले?' या प्रश्नापाशी थांबू नये. पुढचे तीन प्रश्न विचारावेत : नंतर हे कोणी वापरले? कोणी दुरुस्त केले? आणि इथल्या कोणत्या माणसांची पाटी अजून लागलेली नाही? हे प्रश्न आपल्या गावातल्या बारवेला, वेशीला आणि पडक्या गढीलाही तितकेच लागू पडतात.

२९/
संध्याकाळी पुन्हा पुलावर यावे. आता तिथे मोटारी नाहीत. पोरे सायकली फिरवतात, म्हातारी माणसे हवा खायला येतात, पाठीवर बोचके घेतलेला एखादा यात्रेकरू दक्षिणेकडून चालत येताना दिसतो. पायाखालचा दगड रोमन की सतराव्या शतकातला, हे त्याला ठाऊक नसते. त्याला पलीकडे जायचे असते. निवृत्त शिपाई, बिशप, अमीर, सेनापती, सगळे पलीकडे जायलाच आले होते. पूल उरला तो त्यांच्यापैकी प्रत्येकानंतर कोणीतरी निसटलेला दगड पुन्हा बसवला म्हणून. त्या गवंड्यांची नावे कुठल्याच लेखात नाहीत.

धागा समाप्त. तुमच्या गावात अशी एखादी 'वापरात राहिलेली' वास्तू असेल, तर तिची शेवटची दुरुस्ती कोणी आणि केव्हा केली, हे शोधून खाली जरूर लिहा.